आवृत्ती नियंत्रण प्रणालींच्या चाचण्या : वेगाचे गणित

सात-बारा उताऱ्यावर जमिनीचा आजचा मालक कोण, एवढे कळते. ती मालकी कोणाकडून, केव्हा आणि कशी आली हे पाहायचे असेल तर फेरफार नोंदवही उघडावी लागते. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशी फेरफार नोंदवही ठेवण्याचे काम आवृत्ती नियंत्रण प्रणाली, म्हणजेच व्हर्जन कंट्रोल सिस्टीम करते. प्रोग्रामच्या लाखो ओळींपैकी कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली याची नोंद तिच्यात राहते. चूक झाल्यास जुन्या स्थितीकडे परतता येते आणि वेगवेगळ्या देशांत बसलेली माणसे परस्परांचे काम न पुसता एकाच प्रकल्पावर काम करू शकतात.

सबव्हर्जन, मर्क्युरिअल आणि गिट या अशा तीन परिचित मुक्त स्रोत प्रणाली. सबव्हर्जनचे काम २००० मध्ये कोलॅबनेट या कंपनीच्या पुढाकाराने सुरू झाले आणि तिची १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या विकासकांना बिटकीपर या खासगी प्रणालीचा मोफत वापर करण्याची सवलत बंद झाली. त्यानंतर लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतली आणि त्याच महिन्यात मर्क्युरिअलचाही जन्म झाला.

इतर सॉफ्टवेअर बिघडले तर काम अडते. ही प्रणाली बिघडली तर कामाचा इतिहासच बिघडतो आणि तो बिघडल्याचे अनेकदा फार उशिरा लक्षात येते. म्हणूनच या प्रणालींमध्ये केलेला प्रत्येक बदल हजारो स्वयंचलित चाचण्यांच्या चाळणीतून काढला जातो. मात्र या चाचण्यांना वेळ लागतो आणि तो कमी कसा करायचा, हा प्रश्न तिन्ही प्रकल्पांना गेली वीस-पंचवीस वर्षे सतावत आला आहे. वेग वाढवताना चाळणीची भोके मोठी होता कामा नयेत, ही त्यातली खरी मेख.

चाचणी कशी असते?

गिटचे उदाहरण घेतल्यास चित्र स्पष्ट होते. गिटचा चाचणी-सांगाडा ज्युनिओ हमानो यांनी मे २००५ मध्ये, म्हणजे प्रणाली अवघी महिनाभराची असताना तयार केला. त्याच वर्षी जुलैमध्ये गिटची देखभाल त्यांच्याकडे आली. तेव्हापासून वाढत गेलेल्या या संचात आज सुमारे एक हजार चाचणी-फायली असून त्यांत मिळून पंचवीस हजारांहून अधिक चाचण्या आहेत.

यातील बहुतेक फायली शेल या आज्ञाभाषेत लिहिलेल्या आहेत. प्रत्येक फाइल सुरू झाली की आपल्यासाठी एक तात्पुरती डिरेक्टरी तयार करते, तिच्यात नवे कोरे भांडार, म्हणजे रिपॉझिटरी, उघडते, काही फायली लिहिते, त्यांची नोंद करते, शाखा काढते, त्या एकमेकींत विलीन करते आणि प्रत्येक टप्प्यावर अपेक्षित उत्तर मिळाले की नाही ते पाहते. काम संपले की ही डिरेक्टरी पुसली जाते. या तात्पुरत्या डिरेक्टरीचे नाव ‘ट्रॅश डिरेक्टरी’ असे दोन शब्दांचे असून मधली मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. फायलींच्या नावांत मोकळी जागा आली की कोलमडणारे प्रोग्राम त्यामुळे आपोआप पकडले जातात. एका साध्या नावातूनही तपासणी करून घेण्याची ही दृष्टी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वेग कशासाठी?

केंट बेक यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग एक्सप्लेन्ड’ या पुस्तकाच्या २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीत दहा मिनिटांची मर्यादा सुचवली होती. संपूर्ण प्रणालीची बांधणी आणि तिच्या सर्व चाचण्या दहा मिनिटांत पूर्ण व्हाव्यात, त्याहून अधिक वेळ लागू लागला की लोक त्या कमी वेळा चालवतात, असे त्यांचे म्हणणे. चाचणी पाच मिनिटांत संपत असेल तर प्रोग्रामर जागेवर थांबतो; तासभर लागत असेल तर तो दुसऱ्या कामाला लागतो आणि चूक समोर येईपर्यंत आपण काय बदलले होते याचा धागा त्याच्या हातून सुटलेला असतो.

दुसरा हिशेब चूक शोधण्याचा. गिटमध्ये ‘बायसेक्ट’ नावाची सोय आहे. हजार नोंदींपैकी नेमक्या कोणत्या नोंदीमुळे बिघाड झाला हे शोधताना ती दर वेळी मधली नोंद तपासून अर्ध्या नोंदी बाद करते. त्यामुळे हजार नोंदींसाठी सुमारे दहा फेऱ्या पुरतात. पण प्रत्येक फेरीला अर्धा तास लागत असेल तर दहा फेऱ्यांना पाच तास लागतील. तीन मिनिटे लागत असतील तर तेच काम अर्ध्या तासात होईल.

वेळ जातो कुठे?

चाचण्यांचा वेळ मोजायला बसल्यावर एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. प्रत्यक्ष तपासणीला, म्हणजे मिळालेले उत्तर आणि अपेक्षित उत्तर ताडून पाहण्याला, फारच थोडा वेळ लागतो. उरलेला वेळ चार ठिकाणी जातो : घड्याळाची वाट पाहण्यात, हार्ड डिस्कवर लिखाण पोहोचण्यात, नवनवे प्रोग्राम सुरू करण्यात आणि तेच ते पूर्वतयारीचे काम पुन्हा पुन्हा करण्यात. वेग वाढवण्याचे बहुतेक उपाय या चारांपैकी एकावर केलेले असतात.

एका सेकंदाची गोष्ट

घड्याळाची वाट पाहण्याचे उत्तम उदाहरण सबव्हर्जनमध्ये सापडते. कार्यप्रतीतील, म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावरील प्रतीतील, हजारो फायलींपैकी कोणती बदलली हे ओळखण्यासाठी प्रणाली प्रत्येक फाइल उघडून वाचत बसत नाही. फाइलचा आकार आणि ती शेवटची बदलल्याची वेळ या दोन गोष्टी ती आपल्याकडील नोंदीशी ताडून पाहते. दोन्ही जुळल्या तर फाइल जशीच्या तशी आहे असे मानले जाते.

यात एक फट आहे. जुन्या फाइल-व्यवस्थांमध्ये वेळ पूर्ण सेकंदातच नोंदवली जात असे. प्रणालीने नोंद घेतल्यानंतर त्याच सेकंदात कोणी फाइलमधील ‘१०’ चे ‘२०’ केले, तर आकारही तोच आणि वेळही तीच राहते. बदल झालेला असूनही तो दिसत नाही. ही फट बुजवण्यासाठी सबव्हर्जनने साधा उपाय केला : कार्यप्रतीत फेरबदल करणारी आज्ञा संपताना घड्याळाचा काटा पुढे सरकेपर्यंत प्रणाली क्षणभर थांबते. वेळेची अधिक बारीक नोंद ठेवणाऱ्या फाइल-व्यवस्थांवर हे थांबणे पुढे बरेच कमी करण्यात आले.

माणसाला हा क्षण जाणवतही नाही. चाचण्यांचे तसे नसते. समजा, चाचणी-संचात अशा दोन हजार आज्ञा आहेत आणि प्रत्येक आज्ञा सरासरी अर्धा सेकंद थांबते, तर निव्वळ थांबण्यातच सुमारे सतरा मिनिटे जातात. त्या सतरा मिनिटांत संगणक काहीही तपासत नसतो.

म्हणून सबव्हर्जनच्या विकासकांनी हे थांबणे बंद करणारी एक गुप्त कळ ठेवली. तिचे नाव असे आहे : ‘एसव्हीएन आय लव्ह करप्टेड वर्किंग कॉपीज सो डिसेबल स्लीप फॉर टाइमस्टॅम्प्स’. बिघडलेल्या कार्यप्रती मला आवडतात, म्हणून वेळेसाठी थांबणे बंद करा, असा त्याचा अर्थ. चाचण्यांसाठी ही कळ दाबलेली असते. मात्र चुकून कोणी रोजच्या कामात ती वापरू नये यासाठी नावातच धोक्याची पाटी लावलेली आहे. ज्या चाचण्यांना थांबण्याची खरोखर गरज असते त्यांच्यासाठी ते पुन्हा सुरू करण्याची सोयही चाचणी-सांगाड्यात आहे. सरसकट वेग आणि गरजेच्या जागी सावकाशी, अशी ही विभागणी आहे.

गिटचे उधार घड्याळ

याच अडचणीवर गिटने वेगळा मार्ग काढला. फाइल शेवटची बदलल्याची वेळ गिटच्या स्वतःच्या सूची-फाइलच्या वेळेइतकी किंवा तिच्यानंतरची असेल तर ती फाइल संशयित मानली जाते आणि तेवढ्यापुरता तिचा मजकूर वाचून खातरजमा केली जाते. थांबण्याऐवजी संशयापुरते वाचायचे, हा निर्णय मूळ रचनेतच असल्याने चाचण्यांनाही त्याचा आपोआप फायदा मिळाला.

नोंदींच्या तारखांचा प्रश्न मात्र उरतोच. गिटमधील प्रत्येक नोंदीला वेळ असते आणि अनेक आज्ञा नोंदी वेळेच्या क्रमाने लावतात. एका सेकंदात दहा नोंदी केल्या तर त्यांचा क्रम ठरवायचा कसा? दोन नोंदींमध्ये खरोखर थांबायचे तर पुन्हा वेळेचा अपव्यय. त्यासाठी गिटच्या चाचण्यांत एक कृत्रिम घड्याळ आहे. चाचणीने हाक दिली की ते एकदम साठ सेकंद पुढे जाते. प्रत्यक्षात वाट कोणी पाहत नाही. हे घड्याळ सुरू होते ७ एप्रिल २००५ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेनुसार दुपारी ३ वाजून १३ मिनिटे १३ सेकंदांनी. गिटच्या इतिहासातील अगदी पहिली नोंद टॉरव्हाल्ड्स यांनी केली, तोच हा क्षण. चाचण्यांच्या जगात गिटचा वाढदिवस दररोज हजारो वेळा उजाडतो, असे म्हणायला हरकत नाही.

या कृत्रिम घड्याळाचा आणखी एक लाभ आहे. वेळ ठरलेली असल्याने नोंदींचे संकेतांक दर वेळी तेच येतात. आज आलेले उत्तर उद्याही तेच येणार, ही खात्री चाचणीसाठी वेगाइतकीच मोलाची असते.

डिस्कवरचे लिखाण

प्रोग्रामने फाइल लिहिली म्हणजे ती लगेच डिस्कवर पोहोचते असे नाही. संगणकाची कार्यप्रणाली ती काही काळ स्मृतीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मधल्या काळात वीज गेली तर लिखाण नष्ट होऊ शकते. आवृत्ती नियंत्रण प्रणालीला हा धोका परवडत नाही. म्हणून ती महत्त्वाच्या लिखाणानंतर ‘एफसिंक’ ही आज्ञा देते आणि मजकूर डिस्कवर पक्का झाल्याचे उत्तर येईपर्यंत थांबते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर हे थांबणे विशेष जाणवते.

चाचणीतील भांडार काही क्षणांनी पुसलेच जाणार असते. वीज गेली तर चाचणी पुन्हा चालवता येते. हा विचार करून २०२१ मध्ये गिटच्या चाचण्यांमध्ये एफसिंक बंद करण्यात आले. त्या बदलासोबतच्या नोंदीनुसार आठ गाभ्यांच्या, फिरती डिस्क असलेल्या संगणकावर सबव्हर्जनशी संबंधित चाचण्या वगळून उरलेल्या संचाला लागणारा वेळ सुमारे चार मिनिटांवरून तीन मिनिटांवर आला. सबव्हर्जनच्या चाचण्यांमध्येही बर्कली डीबी या जुन्या साठवण-पद्धतीच्या काळापासून भांडार तयार करताना अशीच सवलत घेतली जात असे.

दुसरा उपाय डिस्कला पूर्णपणे वगळण्याचा. संगणकाच्या रॅमचा काही भाग डिस्कसारखा वापरता येतो. गिटच्या चाचण्यांना तात्पुरत्या डिरेक्टऱ्या कोठे तयार कराव्यात हे सांगता येते आणि ती जागा रॅममधील निवडल्यास वेग प्रचंड वाढू शकतो, अशी शिफारस चाचणी-संचाच्या माहितीपत्रकातच आहे. प्रणालीत एक ओळही न बदलता मिळणारा हा लाभ असल्याने अनेक विकासक तो सर्वांत आधी पदरात पाडून घेतात.

येथे एक प्रश्न रास्त ठरतो. एफसिंक बंद केल्याने तपासणी कमी झाली नाही का? वीज गेल्यावर भांडार शाबूत राहते की नाही हे या चाचण्यांतून आधीही तपासले जात नव्हते, कारण चाचणी चालू असताना कोणी प्लग काढत नव्हते. म्हणजे तो वेळ खर्च होत होता, पण त्यातून कोणतीही खात्री मिळत नव्हती. उपाय निवडण्याची ही कसोटी पुढेही उपयोगी पडते.

एकाच वेळी अनेक चुली

आजच्या संगणकात चार, आठ, सोळा गाभे असतात. चाचणी-फायली एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्या एकाच वेळी चालवता येतात. गिटमध्ये प्रत्येक फाइलला स्वतंत्र डिरेक्टरी असल्यामुळे हे पहिल्यापासून सोपे गेले. सबव्हर्जन आणि मर्क्युरिअलच्या चाचण्याही समांतर चालवण्याची सोय आहे.

पण आठ गाभे वापरले म्हणून वेळ आठपट कमी होत नाही. सर्वांत लांब फाइलला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात संपूर्ण संच कधीच संपू शकत नाही. त्यातच ही लांबलचक फाइल सर्वांत शेवटी सुरू झाली तर सात गाभे रिकामे बसतात आणि एकटा आठवा राबत राहतो. पंगतीच्या स्वयंपाकात ज्याला शिजायला वेळ लागतो ते भांडे आधी चुलीवर चढवतात, तोच नियम येथे लागू पडतो. गिटच्या चाचण्या चालवण्यासाठी वापरले जाणारे ‘प्रूव्ह’ हे पर्ल भाषेसोबत येणारे साधन मागील खेपेचे वेळ लक्षात ठेवून संथ फायली प्रथम सुरू करू शकते. मर्क्युरिअलचा चाचणी-चालकही मागील वेळांची नोंद ठेवून असाच क्रम लावतो. फारच लांबलेली फाइल दोन भागांत तोडणे हा त्यापुढचा उपाय.

विंडोजची अडचण

लिनक्सवर काही मिनिटांत संपणारा गिटचा चाचणी-संच विंडोजवर कित्येक पटींनी अधिक वेळ घेतो. कारण चाचण्यांच्या भाषेत आहे. शेलमध्ये लिहिलेली चाचणी प्रत्येक छोट्या कामासाठी नवा प्रोग्राम सुरू करते : एक शब्द शोधायला एक, ओळी मोजायला दुसरा, दोन फायली ताडून पाहायला तिसरा. युनिक्स परंपरेतील यंत्रणांवर नवी प्रोसेस सुरू करणे स्वस्त असते. विंडोजवर ते महाग आहे. शिवाय तेथे शेल चालवण्यासाठी युनिक्सचे वागणे उसने आणणारा एक थर मध्ये घालावा लागतो.

यावर तात्पुरता तोडगा म्हणून गिटच्या सामायिक चाचणी-व्यवस्थेत विंडोजवरील चाचण्या दहा भागांत विभागून दहा स्वतंत्र यंत्रांवर चालवल्या जातात. यात यंत्रांचा एकूण वेळ वाचत नाही, उलट प्रत्येक यंत्राच्या पूर्वतयारीमुळे तो थोडा वाढतोच. वाचतो तो वाट पाहणाऱ्या माणसाचा वेळ.

मुळावर घाव घालण्याचेही प्रयत्न झाले. गिटच्या चाचण्यांतील प्रत्येक पायरी पुढच्या पायरीशी साखळीने जोडलेली असावी लागते. एक कडी निसटली तर मधले अपयश लपून राहते. अशा तुटलेल्या कड्या शोधणारी तपासणी २०१८ मध्ये आली. ती प्रत्येक चाचणीसाठी वेगळी प्रोसेस सुरू करत असल्याने विंडोजवर भारी पडू लागली. २०२२ मध्ये ती पर्ल भाषेत नव्याने लिहिली गेली आणि सर्व फायली एकाच फेरीत तपासण्याची सोय झाली. तपासणी अधिक अचूक झाली आणि स्वस्तही.

शेलकडून सी भाषेकडे

यापेक्षा मोठा बदल २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. तारखेचा मजकूर नीट वाचला जातो का, किंवा स्मृतीतील एखादी यादी बरोबर जुळवली जाते का, हे पाहण्यासाठी भांडार उघडण्याची, फायली लिहिण्याची गरज नसते. सी भाषेतील ते फंक्शन थेट बोलावून उत्तर तपासता येते. अशा एकक चाचण्यांसाठी, म्हणजे युनिट टेस्टसाठी, गिटमध्ये स्वतंत्र चौकट आणली गेली आणि २०२४ मध्ये त्यासाठी ‘क्लार’ ही चौकट स्वीकारण्यात आली. पूर्वी शेलमधून मदतनीस प्रोग्रामच्या साह्याने होणाऱ्या अनेक चाचण्या त्यानंतर तिकडे हलवण्यात आल्या. त्यातील काही काम ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातील विद्यार्थ्यांनी केले.

मात्र सर्वच चाचण्या अशा हलवता येत नाहीत. वापरकर्ता आज्ञा टंकित करतो तेव्हा सर्व भाग एकत्र येऊन नीट काम करतात का, हे पाहायला संपूर्ण आज्ञाच चालवावी लागते. ते काम शेलमधील चाचण्यांकडेच राहणार आहे.

मर्क्युरिअलची जडणघडण

मर्क्युरिअलची अडचण निराळी. ती मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेली असल्यामुळे प्रत्येक आज्ञेगणिक पायथनचा दुभाषा सुरू व्हावा लागतो आणि त्याने आवश्यक भाग स्मृतीत घ्यावे लागतात. आज्ञा क्षणार्धात संपणारी असली तरी ही सुरुवातीची जमवाजमव टळत नाही. चाचण्यांमध्ये अशा हजारो आज्ञा असतात.

या अडचणीतून ‘सीएचजी’ हे साधन पुढे आले. सी भाषेत लिहिलेला हा लहानसा प्रोग्राम पार्श्वभूमीवर तयारीत असलेल्या मर्क्युरिअलकडे आज्ञा सोपवतो. जमवाजमव एकदाच होते. मर्क्युरिअलच्या चाचण्याही या मार्गाने चालवता येतात. पण सगळ्या चाचण्या कायम याच वाटेने गेल्या तर नेहमीच्या, थंड सुरुवातीतील दोष नजरेआड होतील. त्यामुळे दोन्ही वाटा तपासत राहणे भाग पडते.

केलेले काम पुन्हा न करणे

सबव्हर्जनच्या शेकडो चाचण्यांना सुरुवातीला सारखेच भांडार लागते. त्यातील फायलींची व डिरेक्टऱ्यांची नावे आयोटा, म्यू, लॅम्डा, पाय, ऱ्हो अशी ग्रीक अक्षरांवरून घेतलेली असल्याने त्याला ‘ग्रीक ट्री’ म्हणतात. हे भांडार प्रत्येक चाचणीसाठी मुळापासून न रचता एकदा तयार करून ठेवले जाते आणि पुढे त्याच्या प्रती काढल्या जातात.

गिटच्या सामायिक व्यवस्थेत याहून चतुर युक्ती आहे. गिट फायलींच्या संपूर्ण संचाला त्यांच्या मजकुरावरून एक संकेतांक देते. मजकूर तोच असेल तर संकेतांकही तोच. चाचणी सुरू करण्यापूर्वी याच संकेतांकाचा संच आधी यशस्वीपणे तपासला गेला आहे का, हे पाहिले जाते. गेला असल्यास चाचण्या पुन्हा चालवल्या जात नाहीत. येथे प्रणालीचा स्वतःचा गुणच तिच्या चाचण्यांच्या कामी आला आहे.

वेगाची किंमत

समांतर चाचण्यांबरोबर लहरी चाचण्या येतात. एकटी चालवली की उत्तीर्ण आणि गर्दीत चालवली की कधीमधी अनुत्तीर्ण होणारी चाचणी चाचणी-संचावरचा विश्वासच पोखरते. ‘ती तशीच आहे, पुन्हा चालवा’ असे म्हणण्याची सवय लागली की खरा दोषही त्याच सबबीखाली सुटतो. अशा चाचण्या हुडकण्यासाठी गिटमध्ये २०१९ पासून एक ताण-पर्याय आहे. एकच फाइल अनेक प्रतींमध्ये एकाच वेळी, एखादी प्रत अपयशी होईपर्यंत तो चालवत राहतो.

दुसरीकडे तपासण्याच्या गोष्टी वाढतच असतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या संस्थेने मजकूर वेगळा पण शा-१ संकेतांक एकच अशा दोन पीडीएफ फायली जगासमोर ठेवल्या. लगोलग वेबकिट या ब्राउझर-प्रकल्पात एका चाचणीसाठी त्या दोन्ही फायली प्रकल्पाच्या सबव्हर्जन भांडारात घातल्या गेल्या. एकाच संकेतांकाचा मजकूर एकदाच साठवण्याच्या पद्धतीमुळे भांडाराचा हिशेब चुकला, त्रुटी येऊ लागल्या आणि प्रकल्पाचे काम खोळंबले. भांडार बिघडवणारी गोष्ट एक चाचणीच होती, हा त्यातील विरोधाभास. सबव्हर्जनने त्याच वर्षी दुरुस्त्या केल्या. गिटनेही मे २०१७ मधील २.१३ आवृत्तीपासून असे बनावट जुळे ओळखणारी शा-१ पद्धत मूलभूत म्हणून स्वीकारली आणि त्या पीडीएफपैकी एक फाइल आपल्या चाचणी-संचात कायमची दाखल केली.

अशा प्रत्येक अनुभवानंतर संच लांबत जातो. गिटला आज शा-१ बरोबर शा-२५६ पद्धतीनेही, संदर्भांच्या जुन्या साठवणीबरोबर ‘रेफटेबल’ या नव्या साठवणीनेही आणि लिनक्स, मॅक, विंडोज अशा तिन्ही ठिकाणी तपासावे लागते. सबव्हर्जनमध्ये तेच भांडार थेट फाइलद्वारे, तिच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणि वेब सर्व्हरमार्फत अशा तीन मार्गांनी तपासले जाते. यंत्रे वेगवान होऊनही चाचण्यांचा प्रश्न सुटत नाही, तो यामुळे.

म्हणून वेळखाऊ चाचण्या काढून टाकल्या जात नाहीत, बाजूला ठेवल्या जातात. गिटमध्ये अशा चाचण्यांवर ‘खर्चिक’ अशी खूण असते. रोजच्या धावपळीत त्या वगळल्या जातात आणि दीर्घ चाचण्यांचा पर्याय दिल्यावर चालतात. सबव्हर्जनमध्ये नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी युनिक्स आणि विंडोज या दोन्ही गटांत किमान तीन-तीन विकासकांनी आपापल्या यंत्रावर संपूर्ण संच चालवून संमती द्यावी लागते.

या सर्व उपायांमागचा नियम एकच दिसतो. प्रथम मोजणी करावी, मग ज्या वेळेतून कोणतीही खात्री मिळत नाही तो वेळ काढून टाकावा आणि खात्री देणारा वेळ कितीही महाग वाटला तरी राखून ठेवावा. दोहोंतील सीमारेषा पुसट झाली की काय होते, याचा इशारा सबव्हर्जनच्या त्या लांबलचक नावाच्या कळीवर आजही लिहिलेला आहे.